नाही म्हणता येईल त्यानेच पैदास करावी

कुत्र्यांच्या पैदाशीवरचा वाद दर वेळी एकाच जागी येऊन अडकतो. एक बाजू म्हणते, निवारे बेवारस कुत्र्यांनी भरलेले असताना नवी पिल्लं जन्माला घालणं हाच अपराध आहे. दुसरी म्हणते, कुत्री माझी, वंशावळ चांगली, कागद पक्के, मग तुम्हाला काय अडचण? पहिलीला सगळे ब्रीडर सारखेच वाटतात, दुसरीला सगळी टीका मत्सरापोटी आलेली वाटते. जे पिल्लू अजून जन्मालाच आलेलं नाही त्याच्या बाजूने मात्र कुणी बोलत नाही. त्याचे आईबाप कोण, त्यांची वयं काय आणि त्यांची भेट कोणत्या दिवशी व्हायची, हे ठरवणारा माणूस त्या पिल्लाच्या पुढच्या बारा-तेरा वर्षांचं दुखणंखुपणं बऱ्याच अंशी ठरवून टाकत असतो. माझं मत स्पष्ट आहे. पैदास करणं हा अपराध नाही, पण मालकीबरोबर आपोआप मिळणारा हक्कही नाही. आपल्या लाडक्या जनावराबद्दल, सगळी तयारी झालेली असतानासुद्धा, ज्याला ‘ही जोडी नको’ असं म्हणता येतं त्यानेच या कामात पडावं. एखाद्या ब्रीडरची पारख करायची असेल तर त्याने किती वेतं काढली हे विचारण्याऐवजी किती टाळली आणि का टाळली, ते विचारा.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. बेवारस कुत्र्यांचे हाल खरे आहेत, आणि ज्याला केवळ सोबत हवी आहे त्याने निवाऱ्यातूनच कुत्रं आणावं असं मीही सांगेन. पण निवाऱ्यात येणारी कुत्री येतात कुठून? एक तर कुणीही विचार करून न लावलेल्या जोड्यांची ती पिल्लं असतात, किंवा पैसे हातात पडल्यावर विकणाऱ्याने ज्यांच्याकडे पाठ फिरवली ती. ‘कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने ठेवणं अशक्य झालं तर माझ्याकडे परत आणा’ असं जो पिल्लू देतानाच लिहून देतो आणि पाळतो, त्याच्या पिल्लांना निवाऱ्यात पोहोचायचं कारण उरत नाही. शिवाय काही कामं अशी आहेत की तिथे स्वभाव आणि सांधे नशिबावर सोडता येत नाहीत. अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘द सीइंग आय’ या संस्थेने खुब्याच्या सांध्यांवर नजर ठेवून आपल्या कुत्र्यांची निवड केली. पाच पिढ्यांच्या आत जर्मन शेफर्डमधलं हिप डिसप्लेशियाचं, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याच्या विकाराचं, प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४वर आलं आणि लॅब्रॅडॉरमधलं ३०वरून १०वर. हे औषधाने किंवा शस्त्रक्रियेने झालं नाही. कोणाला पिल्लं होऊ द्यायची आणि कोणाला नाही, एवढा एकच निर्णय पुन्हापुन्हा नीट घेतला गेला.

समजा, विचारी माणसांनी हे काम सोडून दिलं. मग पुढची पिढी कुणाच्या हातची असेल? जो मालक कुत्र्याची वेळच्या वेळी तपासणी करतो तोच नसबंदीही वेळेवर करतो. म्हणजे शांत, निरोगी, माणसाळलेल्या कुत्र्यांचा वंश त्यांच्यापाशीच थांबतो आणि ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं त्यांचा चालू राहतो. स्वभाव रक्तातून उतरतो हे काही नवं नाही. दिमित्री बेल्यायेव्ह या रशियन जनुकशास्त्रज्ञाने १९५९मध्ये नोव्होसिबिर्स्कजवळ चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. माणूस जवळ आल्यावर कोल्हा कसा वागतो, एवढ्यावरूनच त्याने जोड्या ठरवल्या. थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवणारी आणि माणसाच्या हाताला चाटणारी पिल्लं दिसू लागली. खाण तशी माती ही म्हण इथे अगदी शब्दशः लागू आहे. पण त्यातून दुसरंही एक निघतं: निवड विचार न करता झाली तरी ती निवडच असते. जी मादी जास्त पिल्लं देते तीच पुन्हापुन्हा फळवली, किंवा जो नर जवळ आणि स्वस्त आहे तोच लावला, तर त्याचेही परिणाम तितक्याच इमानाने पुढे उतरतात.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. ‘तब्येतीसाठी तिला एकदा तरी आई होऊ द्या’ हा समज लवकर बाजूला काढतो, कारण त्याला वैद्यकीय आधार नाही. एका वेताने गर्भाशयातला पू टळत नाही की आयुष्यही वाढत नाही. कागदांचं म्हणाल, तर नोंदणीचा कागद आईबाप कोण ते सांगतो. त्यांचे सांधे, डोळे, हृदय कसं आहे, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

या बाजूचा खरा वजनदार युक्तिवाद वेगळा आहे. जवळच्या नात्यात जोड्या लावल्याशिवाय जातच घडत नाही, असं जुने जाणकार सांगतात. ते बरोबर आहे. अठराव्या शतकात रॉबर्ट बेकवेल या पशुपालकाने इंग्लंडमध्ये अशाच जोड्या लावून न्यू लेस्टर मेंढी घडवली, आणि १८७३मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाल्यावर कुत्र्यांच्या जाती ज्या वंशावळींच्या चौकटीत बसवल्या गेल्या त्यांच्यामागे पशुपालकांचा हाच अनुभव होता. पण बेकवेलची मेंढी कशासाठी होती? लवकर मांस धरावं आणि दोनेक वर्षांची होताच खाटकाकडे जावी, यासाठी. तिचं हृदय नवव्या वर्षी कसं चालेल, सातव्या वर्षी दृष्टी राहील का, हे प्रश्न त्याच्यापुढे कधी आलेच नाहीत. आपण मात्र त्याची पद्धत अशा जनावराला लावली ज्याच्याबरोबर आपल्याला म्हातारपणापर्यंत राहायचं आहे.

दुसरी अडचण हिशेबाची आहे. सिव्हॉल राइट या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने १९२२मध्ये अंतःप्रजननाचं माप मांडलं, म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेलं तेच जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळण्याची शक्यता. सख्ख्या भावंडांच्या जोडीची संतती २५ टक्के, सावत्र भावंडांची साडेबारा, पहिल्या चुलत-मावस भावंडांची सव्वासहा. ब्रीडर तीन पिढ्यांचा कागद बघतो, त्यात एकही नाव दोनदा येत नाही, आणि तो निर्धास्त होतो. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस हा मामा-भाचीच्या लग्नातून जन्मला होता. कागदावर ते नातं साडेबारा टक्क्यांचं. पण हॅब्सबर्ग घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या घरातच लग्नं होत आली होती, आणि त्या सगळ्यांचा हिशेब धरला की त्याचा आकडा २५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे सख्ख्या भावंडांच्या मुलापेक्षाही किंचित जास्त. तो आयुष्यभर आजारी राहिला आणि १७००मध्ये वारस न ठेवता गेला. कुत्र्यांच्या कितीतरी जातींत आज नेमकी हीच स्थिती आहे. तीन पिढ्यांत परके दिसणारे नर-मादी दहाव्या पिढीत त्याच चार-सहा पूर्वजांपाशी येऊन मिळतात. म्हणून जोडी ठरवताना मिळेल तितक्या मागच्या पिढ्यांचा, आणि शक्य असेल तर जनुकीय चाचणीवरून काढलेला आकडा बघायला हवा. केनेल क्लबने २००९पासून सख्ख्या भावंडांच्या आणि आईबाप-अपत्यांच्या जोड्यांची पिल्लं नोंदवणं थांबवलं. चांगलं केलं, पण ती फक्त पहिली पायरी होती.

‘मग बाहेरचं रक्त आणलं तर जात बिघडेल’ ही भीती किती महागात पडते याचं उदाहरण म्हणजे डालमेशियन. शुद्ध डालमेशियनमध्ये यूरिक आम्लाची नीट विल्हेवाट लावणारं जनुक दोन्ही बाजूंनी सदोष असतं, त्यामुळे मूतखड्यांचा धोका जातीलाच चिकटला आहे. नराचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे खडा अडकतो, लघवी तुंबते आणि जिवावर बेततं. जातीत एकही निर्दोष कुत्रा उरला नसेल तर जातीतल्या जातीत कितीही चोखंदळ निवड केली तरी दोष कसा जाईल? रॉबर्ट शाइबल या जनुकशास्त्रज्ञाने १९७३मध्ये एकदाच पॉइंटर या शिकारी जातीच्या एका कुत्र्याशी संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत निरोगी जनुक असलेली पिल्लं निवडून ती पुन्हा डालमेशियनशी लावली. दर पिढीला पॉइंटरचा वाटा निम्मा होत गेला. दिसायला, वागायला ती डालमेशियनच होती. अमेरिकन केनेल क्लबने १९८१मध्ये त्यातली दोन नोंदवली, जातीच्या अभिमान्यांनी विरोध केला आणि दार बंद झालं. ते पुन्हा उघडायला २०११ साल उजाडलं. मधल्या तीस वर्षांत खड्यांनी तडफडलेल्या कुत्र्यांना वंशावळीच्या शुद्धतेचा काय उपयोग झाला?

याचा अर्थ संकर म्हणजे आपोआप आरोग्य, असाही नाही. हा गैरसमज अलीकडे फार पसरला आहे. लॅब्रॅडॉर आणि पूडल या दोन्ही जातींत पीआरसीडी नावाचा, हळूहळू आंधळं करणारा डोळ्यांचा विकार आढळतो. दोघंही त्याचे वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसूनही सदोष जनुकाची एक प्रत बाळगून असतील, तर त्यांचं संकरित पिल्लूही आंधळं होऊ शकतं, कुरळे केस त्याला वाचवत नाहीत. चाचणी दोन्हीकडची लागते. आणि चाचणीचा निकाल वाचायलाही शिकावं लागतं. वाहक नर आणि वाहक मादी एकत्र आले तर सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी निघेल. तोच वाहक निर्दोष जोडीदाराला लावला तर एकही आजारी निघणार नाही. म्हणून वाहक दिसला की काढून टाक, हा उत्साह चुकीचा आहे. आधीच आक्रसलेल्या जातीतून चांगल्या हृदयाची, चांगल्या स्वभावाची कुत्री त्यात विनाकारण गळतात. उलट मर्ल रंगाचे दोन जोडीदार एकत्र आणणं कधीही क्षम्य नाही. त्या ठिपकेदार रंगाचं जनुक दोन्हीकडून आलेली पिल्लं बऱ्याचदा बहिरी, आंधळी किंवा दोन्ही असतात, आणि चारातल्या एकाच्या वाट्याला ते येतं. रंग बघून ठरवलेल्या जोडीची ही किंमत कळल्यावरही जो ती जोडी लावतो, त्याच्या कुत्र्यांवरच्या प्रेमाबद्दल मला काही ऐकायचं नाही.

जोडीदार निवडताना सर्वांत जास्त चूक वयाच्या बाबतीत होते. काही विकार पिल्लूपणीच दिसतात, पण जे खरे छळतात ते उशिरा येतात. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये हृदयाच्या झडपेचा विकार इतका पसरलेला आहे की त्यांच्यासाठी एक नियम सुचवला गेला: किमान अडीच वर्षांचं होईपर्यंत पैदाशीला वापरू नका, तेव्हा हृदय निर्दोष असायला हवं, आणि आईबाप पाचव्या वर्षीही निर्दोष राहिलेले असावेत. हा नियम पाळायचा तर वाट बघावी लागते. वाट न बघितल्याची परिणती अशी की नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाला २०२३मध्ये सांगावं लागलं की या जातीची जशी पैदास चालली होती ती प्राणिकल्याणाच्या कायद्यात बसत नाही. आजाराची जाणीव असलेल्यांनी स्वतःहून हात आखडता घेतला असता तर गोष्ट कोर्टात गेली असती का?

आणि नर जितका देखणा तितकी घाई जास्त. मादीला मर्यादा निसर्गच घालतो. नराला कोण घालणार? होल्स्टिन गाईंच्या इतिहासात ‘पॉनी फार्म आर्लिंडा चीफ’ हा १९६२चा एक वळू होऊन गेला. वळू अव्वल होता. त्याच्या मुली सोळा हजारांहून अधिक, नाती पाच लाख. पुढे कळलं की त्याच्याकडे एक घातक उत्परिवर्तन होतं. ते दोन्हीकडून आलं की गर्भ पोटातच मरतो. अंदाज असा की त्यामुळे जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले. त्याला निवडणाऱ्याला दोष देता येत नाही, तेव्हा ते दिसणं शक्यच नव्हतं. दोष आहे तो एकाच बापावर सगळा वंश उभा करण्याचा. प्रत्येक नराजवळ असं काहीतरी दडलेलं असतं. बक्षीस जिंकलेल्या नरामागे सगळे धावतात तेव्हा ते दडलेलं शंभर घरांत एकदम पोहोचतं.

यावर एक उपाय हाताशी आहे आणि तो फार थोडे वापरतात: गोठवलेलं वीर्य. जो नर बारा-तेरा वर्षं धडधाकट जगला, ज्याच्या भावंडांचा आणि पिल्लांचा इतिहास माहीत आहे, त्याचं तरुणपणी साठवलेलं वीर्य नंतर वापरता येतं. पण ते मादीच्या शरीरात जेमतेम एक दिवस टिकतं, त्यामुळे दिवस चुकवून चालत नाही. जोडीदाराची निवड आणि समागमाची वेळ हे दोन वेगळे विषय नाहीत, ते इथे एकमेकांत गुंततात.

वेळेबद्दलचा रूढ सल्ला सोपा आहे: रक्त दिसल्यापासून अकराव्या दिवशी नर दाखवा, तेराव्याला पुन्हा. पिढ्यान्‌पिढ्या कुत्री याच हिशेबाने, किंवा हिशेब न करताच गाभण राहत आली आहेत, हे मान्य. ताजं वीर्य मादीच्या शरीरात पाच-सहा दिवस जगतं, त्यामुळे निसर्गाने चुकीला जागा ठेवली आहे. पण मोकळी मादी आपल्या मर्जीने दिवसेंदिवस जोडीदार घेते. आपण तिला दूरच्या नराकडे एका दुपारपुरती घेऊन जातो. माजाचा पहिला टप्पा सरासरी नऊ दिवसांचा असला तरी कुणाचा तीन दिवसांत आटोपतो, कुणाचा सतरा दिवस चालतो. त्यात कुत्रीचं बीज सुटतं ते कच्चं असतं. सुटल्यावर पिकायला त्याला आणखी दोन-तीन दिवस लागतात. मग कॅलेंडर काय सांगणार?

सांगतं ते रक्त आणि काच. योनीतला स्राव काचेवर घेऊन रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की सुरुवातीला गोल, ठळक केंद्रकाच्या पेशी आणि भोवती भरपूर तांबड्या रक्तपेशी दिसतात. मादी नराला घेण्याच्या दिवसांकडे सरकते तशा त्या पेशी मोठ्या, कोनदार होतात, केंद्रक पुसट होत नाहीसं होतं, आणि सगळं दृश्य फाडून टाकलेल्या कागदाच्या कपट्यांसारखं दिसू लागतं. यावरून माजाचा टप्पा कळतो, नेमका दिवस नाही. तो रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावरून कळतो. सुरुवातीला एक नॅनोग्रॅमच्या आत असलेला आकडा दोनच्या आसपास आला की शरीराने बीज सोडण्याची आज्ञा दिलेली असते. पाचाच्या आसपास बीज सुटतं. तिथून दोन-तीन दिवसांनी खरी वेळ. एका तपासणीत भागत नाही, दर दोन दिवसांनी रक्त द्यावं लागतं, आणि तेही एकाच प्रयोगशाळेत, कारण यंत्रागणिक आकडे थोडे बदलतात. याआधीच दोघांची ब्रुसेला कॅनिसची तपासणी झालेली हवी. गर्भ पाडणारा हा संसर्ग पूर्ण बरा होईल याचा भरवसा नसतो आणि तो माणसालाही होतो.

हे कशासाठी, असं विचारणाऱ्यांनी चुकीच्या दिवशी लावलेली जोडी एकदा बघावी. मादी खाली बसते, नरावर गुरगुरते, शेपूट पायात घेते. मग एक माणूस तिचं तोंड बांधतो, दुसरा पोटाखाली गुडघा देऊन तिला उभी ठेवतो, कारण नराचे पैसे भरलेले असतात आणि गाडी परत जायची असते. तिचा नकार ही माहिती असते. दिवस आलेला नाही किंवा उलटून गेला आहे, किंवा योनीमार्गात पडदा आहे, किंवा मणक्यात, खुब्यात दुखतं आहे. योग्य दिवशी तीच मादी शेपूट बाजूला घेऊन स्वस्थ उभी राहते. मग नर-मादी पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत पाठीला पाठ लावून अडकून उभे असतात, आणि माणसाचं काम एवढंच की डोक्याशी शांत बसायचं आणि कुणालाही ओढू द्यायचं नाही. ओढल्यास दोघांनाही इजा होते. जबरदस्तीने फळवणं हे क्रूर तर आहेच, पण ते मूळ अज्ञान झाकण्याचाही प्रकार आहे.

नेमका दिवस माहीत असण्याचा दुसरा फायदा दोन महिन्यांनी कळतो. बीज सुटल्यापासून ६३ दिवस, एखादा दिवस इकडेतिकडे, हा गर्भकाळ पक्का असतो. समागमाच्या तारखेपासून मोजला तर तो ५७पासून ७२पर्यंत कुठेही जातो. वेणा सुरू झाल्या नाहीत आणि शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा असेल, तर या पंधरा दिवसांच्या धुक्यात डॉक्टरने काय करावं? दोन दिवस आधी काढलेल्या पिल्लांची फुप्फुसं तयार नसतात, दोन दिवस उशीर झाला तर ती पोटातच जातात. आखूड नाकाच्या जातींत हा प्रश्न रोजचाच. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत, जी २०१०मध्ये प्रसिद्ध झाली, बॉस्टन टेरियर, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांची ८० टक्क्यांहून जास्त वेतं सिझेरियननेच झालेली होती. जी मादी स्वतः विऊ शकत नाही तिला तिच्यासारख्याच डोक्याच्या नराकडे न्यायचं का, याचं उत्तर मला ‘नाही’ असंच दिसतं. नेदरलँड्सने २०१९पासून नाकाच्या लांबीचा निकष लावून ते उत्तर कायद्यात आणलं आहे.

‘एवढं सगळं करायचं तर फक्त पैसेवाल्यांनीच कुत्री पैदा करायची का?’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. चाचण्या महाग आहेत, वेळ लागतो, एक वेत बिनसलं तर खर्चही निघत नाही. पण ज्याला हे परवडत नाही त्याने पैदास केली नाही तर त्याचं किंवा त्याच्या कुत्रीचं काय कमी होतं? खर्च टाळल्याने तो नाहीसा होत नाही. तो पिल्लू घेणाऱ्या घराच्या आणि पिल्लाच्या अंगावर जातो. ओझं हलकं करायचं असेल तर ते क्लबांनी आणि नोंदणी संस्थांनी करावं. सगळे निकाल, वाईटसुद्धा, सर्वांना खुले असावेत, म्हणजे प्रत्येकाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. केनेल क्लब एका मादीची चारच वेतं नोंदवतो. नरांनाही तशी कडक मर्यादा हवी. पाच वर्षांत जातीत नोंदल्या गेलेल्या पिल्लांपैकी पाच टक्क्यांहून जास्त एकाच नराची नसावीत, अशी एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची शिफारस आहे. ती शिफारस न राहता नियम व्हावी.

आणि एक गोष्ट कुणाच्याही परवानगीशिवाय आजपासून करता येते. पिल्लं गेल्यावर ब्रीडरने त्या प्रत्येक घराशी संबंध ठेवावा, दर वर्षी चौकशी करावी, आणि कुत्रं कशाने आजारी पडलं, कशाने गेलं, हे लिहून ठेवावं. मालकांनीही संकोच न करता कळवावं. सहाव्या वर्षी एखाद्याचं हृदय बिघडलं, तर ती बातमी त्याच्या बापाची पुढची जोडी लागण्याआधी दुसऱ्या मादीच्या मालकापर्यंत पोहोचली पाहिजे.